लोकप्रशासनाच्या पेपरात कोरोना गेला कुठं?

सीएचबीवाला:
मंडळी, यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बीएच्या पोरांना राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन शिकवतो, तासिका तत्त्वावर (म्हणजे सीएचबी, तासाला पैसे), त्यामुळं कॉलेजचं नाव विचारू नका. आत्ता इंटर्नलचे पेपर तपासून उठलो. प्रश्न होता 'सुशासनाची वैशिष्ट्ये सांगा'. सगळ्या वर्गानं तीच आठ लिहिली, सहभाग, कायद्याचं राज्य, पारदर्शकता, प्रतिसाद वगैरे, गाईडात ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं. ही पोरं २०२० ला आठवी-नववीत होती. ज्या झेडपी शाळेत शिकली तिथंच विलगीकरण कक्ष होता, गावाच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या आणि बैलगाड्या आडव्या लावून गावबंदी केलेली यांनी डोळ्यानं पाहिली, काहींच्या घरचा कापूस पेरणीपर्यंत घरात पडून होता. आणि उदाहरण म्हणून एकानंही त्यातलं काही लिहिलं नाही. दिल्लीतल्या मेट्रोचं उदाहरण मात्र तिघांनी दिलं, कारण गाईडात ते आहे.

आपला अभ्यासक्रम बघा, वुड्रो विल्सन १८८७, मग वेबर, मग गुलिकचं पोस्डकॉर्ब १९३७ (नियोजनापासून अंदाजपत्रकापर्यंत प्रशासनाची सात कामं), मग पंचायत राजची बळवंतराय मेहता समिती, वसंतराव नाईक समितीच्या २२६ शिफारशी, ७३वी घटनादुरुस्ती, संपलं. हे शिकवू नका असं अजिबात म्हणत नाही, नाईक साहेब तर आपल्या पुसदचे. पण गंमत बघा, तो वेबर स्वतः जून १९२० मध्ये न्यूमोनियानं गेला, जगभर इन्फ्लुएन्झाची साथ होऊन गेली त्याच काळात, आणि आपण शंभर वर्षं त्याची नोकरशाही शिकवतोय पण साथीत नोकरशाही कशी चालते ते नाही.

आता काही विद्यापीठांत 'आपत्ती व्यवस्थापन आणि कोविड' असं शेवटचं युनिट जोडायची हवा आहे. मला ते नको आहे. शेवटचं युनिट म्हणजे ज्याच्यापर्यंत कुणी पोचत नाही ते. माझं म्हणणं अभ्यासक्रमाला हात लावायच्या आधी प्रश्नपत्रिका बदला. तुमचं काय मत?

पऱ्हाटी:
सर, म्या काई लोकप्रशासन शिकलो नाई, बारावी झाली अन् वावरात गेलो. पन कापसाचं लिहिलं म्हनून बोलतो. लॉकडाऊन लागला तवा माह्या घरी कापूस तसाच पडून, खरेदी बंद. एप्रिलच्या शेवटी चालू झाली त नाव नोंदवा, मेसेज येईन तवाच गाडी आना. मेसेज आला त गाडीले पास पायजे. पास तहसीलीत भेटन. तहसीलीत जाच त रस्त्यावर पोलीस आडवे, म्हंते पास दाखव. अरे बावा पास आनाले तं चाललो!
थे सीसीआय, म्हंजे कापूस महामंडळ, केंद्राची, पणन महासंघ राज्याचा, बाजार समिती तालुक्याची, अन् पास देनार तहसीलदार. ह्या चौघात मालक कोन हे मले आजवर समजलं नाई. तुमच्या पुस्तकात असन त सांगा.

सीएचबीवाला:
@पऱ्हाटी भाऊ, पुस्तकात नाही, तेच तर रडगाणं आहे. पुस्तकात 'समन्वय' नावाचा एक मुद्दा असतो, दीड पान, 'समन्वय म्हणजे प्रशासनाचा आत्मा' वगैरे. तुमचे चार ओळींचे अनुभव वर्गात वाचून दाखवले आणि विचारलं की सांगा रे, इथं समन्वय कुठं तुटला, पास कोण देऊ शकतो, त्याला तो अधिकार कोणत्या कायद्यानं आला, तर अख्खा तास जाईल आणि एक पोरगं झोपणार नाही.

पेठेतला_वऱ्हाडी:
सर राग नका मानू पण हे सगळं स्टाफरूममधलं बोलणं वाटतं. मी मूळचा दिग्रसकडचा, सध्या पुण्यात अभ्यास करून राहिलो, किती वर्षं ते विचारू नका. बीएच्या पोराला हवं काय? पास व्हायचं आणि एमपीएससी किंवा पोलीस भरती. तुम्ही प्रश्न बदला, क्लासवाले दोन महिन्यांत 'महामारी व प्रशासन : ५० संभाव्य प्रश्न' छापतील आणि पोरं तेही पाठ करतील. आठ वैशिष्ट्यांच्या जागी बारा येतील, फरक एवढाच.

निवृत्त_पण_निवांत_नाही:
मी ३० च्या वर वर्षं हाच विषय शिकवला, अभ्यास मंडळावरही बसलो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. अभ्यास मंडळानं युनिट बदललं की ते विद्याशाखेत जातं, तिथून विद्वत परिषदेत, आणि मधे कुणीतरी म्हणतं की आमच्या विषयाचे तास कमी नाही ना झाले? तोवर दुसरं वर्ष उजाडतं. त्यात प्राध्यापकांच्या अर्ध्याअधिक जागा रिकाम्या, जो माणूस तासाला पैसे घेऊन तीन कॉलेजांत फिरतो त्याला नवीन टिपणं काढायला वेळ कुठला, हे सीएचबीवाल्यांना मी सांगायला नको.

दुसरं, प्रश्नपत्रिका बदला म्हणणं सोपं. केंद्रीय मूल्यांकनात एकेकासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो. पोरानं लिहिलं की आमच्या गावी पोलीस पाटलानं अमुक केलं, तर बुलढाण्याचा परीक्षक ते खरं की खोटं कसं ठरवणार? तो मॉडेल आन्सर बघतो, मुद्दे मोजतो, मार्क देतो. त्याचाही दोष नाही.

आणि जाता जाता एक, वऱ्हाड-नागपूरच्या पोरांना हे माहीतच नसतं की लोकप्रशासन आणि स्थानिक स्वशासन यांचा देशातला पहिला स्वतंत्र विभाग १९४९-५० च्या सुमारास नागपूर विद्यापीठातच सुरू झाला. स्थानिक स्वशासन नावातच होतं. तेव्हाच्या लोकांना कळत होतं की हा विषय दिल्लीकडं तोंड करून शिकवायचा नाही.

ग्रामसेवक_रजेवर:
नाव सांगत नाही, नोकरीत आहे. हा धागा वाचून सगळं वर आलं.
मार्च २०२० नंतर आमच्या व्हॉट्सॅपवर दिवसाला इतके आदेश यायचे की वाचता वाचता दुसरा यायचा. बीडीओ साहेबांचा वेगळा, तहसीलदारांचा वेगळा, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा वेगळा, ठाण्यातून वेगळा. तहसीलदार/एसडीओ म्हणजे इन्सिडेंट कमांडर, हे केंद्राच्या २४ मार्चच्या आदेशात होतं म्हणे, आम्हाला कुणी सांगितलं नाही, हुकूम आला एवढंच कळलं. गावात दक्षता समिती, सरपंच, तलाठी, पोलीस पाटील, आशा, मी. पुण्या-मुंबईहून कुणी आला की चौदा दिवस शाळेत ठेवा. त्याला जेवण कोण देणार? कोणत्या खात्यातून? त्याचा आदेश नाही.

मग ते गोळ्यांचं प्रकरण आठवतं का? २०२० च्या उन्हाळ्यात चौदाव्या वित्त आयोगाच्या पैशावर जे व्याज साचलं होतं ते झेडपीला परत भरा म्हणून पत्र आलं, त्यातून अर्सेनिक अल्बम या होमिओपॅथीच्या गोळ्या घेऊन गावोगाव वाटायच्या म्हणून. गोळीनं काही होतं का तो वाद सोडा. पैसा ग्रामपंचायतीचा, ठराव कुणी केला? सरपंच मला विचारे, ग्रामसेवक भाऊ, आपले पैसे आपल्याला न विचारता कसे जाते? मी काय सांगणार. सर, तुम्हाला वित्तीय विकेंद्रीकरण शिकवायचं ना, हे एक पत्र वर्गात लावा.

त्याच वर्षी मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढं गेल्या, प्रशासक कोण नेमायचा, तर आधी निघालं की पालकमंत्र्यांच्या सल्ल्यानं 'योग्य व्यक्ती', मग प्रकरण हायकोर्टात, आणि शेवटी आमच्यासारखेच सरकारी कर्मचारी बसले. मतदान झालं १५ जानेवारी २०२१ ला, राज्यात १४,२३४ ग्रामपंचायती. म्हणजे साथ ऐन भरात असताना कित्येक गावांना स्वतःचा निवडलेला सरपंच नव्हता. पुस्तकात ७३व्या दुरुस्तीत लिहिलंय मुदत पाच वर्षं. पुढं काय लिहिलंय?

बोंडअळी_२०१७:
सगळं थाळ्या वाजवून ठीक झालं होतं ना, मग आता काय शिकवायचं 😀

सीएचबीवाला:
@बोंडअळी भाऊ, तो वेगळा धागा काढा, इथं नको, नाहीतर उद्या शंभर प्रतिसाद येतील आणि एकही कामाचा नसेल.
@ग्रामसेवक भाऊ, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून ठेवतोय. हा माझ्यासाठी एका सेमिस्टरचा मजकूर आहे.

कोर्टाच्या_पायरीवर:
कायद्याच्या बाजूनं थोडं बोलतो, लांबेल.
साथरोग कायदा १८९७ चा. मुंबई इलाख्यात प्लेग आला म्हणून घाईनं केलेला, मूळ कलमं फक्त चार. त्याच प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यात घरं तपासली गेली, २२ जून १८९७ ला चाफेकरांनी रँडला गोळी घातली, हे आपल्याला चौथीपासून माहीत. पण रँडच्या काळातला तोच कायदा मार्च २०२० मध्ये राज्य सरकारनं काढून लावला हे पोरांना इतिहासवाले सांगत नाहीत कारण तो राज्यशास्त्राचा विषय, आणि राज्यशास्त्रवाले सांगत नाहीत कारण तो इतिहास. त्यात राज्याला अधिकार भरपूर, पण औषध, बेड, भरपाई यातलं राज्यानं काय द्यायचं याबद्दल जवळजवळ काही नाही. आदेश मोडला की भादंवि १८८, जे आता जुलै २०२४ पासून न्याय संहितेत २२३ झालंय. ज्यांच्यावर तेव्हा १८८ लागलं त्यातले कितीतरी जण आमच्याकडं तारखांना येत होते, दूध आणायला निघालेले.

दुसरा कायदा आपत्ती व्यवस्थापन २००५. देशभराचा लॉकडाऊन यात लागला. आणि आता एक गोष्ट, जी मी कुठल्याही बीएच्या पुस्तकात पाहिली नाही. या कायद्यात जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर, बरोबर, पण सहअध्यक्ष कोण? झेडपी असलेल्या जिल्ह्यात झेडपीचा अध्यक्ष. कलम २५. तुमच्या जिल्ह्यात तेव्हा झेडपी अध्यक्षांची सही असलेला एखादा आदेश कुणी पाहिला का, विचारा वर्गात. कायद्यात लोकप्रतिनिधी आहे, चित्रात नाही. आणि नंतर काय झालं, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर अशा कितीतरी झेडपींची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि प्रशासक बसले, आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका वर्षानुवर्षं अडकल्या. म्हणजे सहअध्यक्षाची खुर्चीच रिकामी. त्या काळात साथ आली असती तर? हा प्रश्न पेपरात विचारा ना.

अजून एक द्या त्यांना, त्यांच्याच वरच्या भावाबहिणींचा. अंतिम वर्षाच्या परीक्षा. जून २०२० ला राज्यानं ठरवलं परीक्षा नाही, जुलैत यूजीसीनं सांगितलं घ्याच, सप्टेंबरअखेर. सुप्रीम कोर्टानं २८ ऑगस्टला निकाल दिला, की राज्याचं आपत्ती प्राधिकरण परीक्षा पुढं ढकलू शकतं, पण परीक्षा न घेता पास करून टाका हे आपत्ती कायद्यात बसत नाही, तारीख हवी तर यूजीसीकडं मागा. एका निकालात केंद्र-राज्य संबंध, समवर्ती सूची, स्वायत्त संस्था, न्यायालयीन पुनर्विलोकन सगळं आलं. आणि ज्यानं ऑक्टोबरात मोबाइलवर गोल काळे केले त्या प्रत्येक पोराच्या अंगावरून गेलेलं. तरी आपण केंद्र-राज्य संबंधांना अजून सरकारिया आयोगाचंच उदाहरण देतो.

पेठेतला_वऱ्हाडी:
हे मात्र पटलं राजेहो. १४ मार्च २०२१ चा आमचा एमपीएससीचा पेपर तीन दिवस आधी पुढं ढकलला, कारण साथ, आम्ही रस्त्यावर, रात्रीतून २१ तारीख मिळाली. रस्त्यावर बसलो तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की आयोग स्वायत्त आहे तर हे ठरवलं कुणी. सगळे भावी अधिकारी 😀 आता राज्यसेवा वर्णनात्मक झाली, तिथं स्वतःचं उदाहरण लिहिणारा पुढं जातो हे खरं. पण माझा मुद्दा तसाच आहे, गाईड येणार म्हणजे येणार.

सीएचबीवाला:
गाईडवाला झाडगाव-पिंपळगावचं काय छापणार? प्रश्न तुमच्या गावच्या कागदावर असेल तर गाईड निघूच शकत नाही. पुढच्या पोराचं गाव वेगळं, कागद वेगळा.

कोरचीकर:
गडचिरोलीतून बोलतोय, रेंज गेली तर समजून घ्या.
तुम्ही सगळे वरून खाली येणाऱ्या आदेशाचंच बोलून राहिले. आमच्याकडं पेसा आहे, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा, आणि वनहक्क आहे. तेंदूचा लिलाव आमच्या ग्रामसभा स्वतः करतात, मे महिना म्हणजे वर्षाचा पैसा. २०२० च्या मे मध्ये जमाव करू नका हा आदेश आणि ग्रामसभेशिवाय तेंदूचा निर्णय होत नाही हा कायदा, दोन्ही एकाच वेळी. कोणता पाळायचा? आमच्या गावानं टोल्याटोल्यानं बसून ठरवलं, चार-पाच घरं एका वेळी, मग सगळ्यांचं एकत्र केलं. हे कुठल्या जीआरमध्ये नव्हतं.

त्याच्या आधी आमचे लोक तेलंगणात मिरची तोडायला गेलेले अडकले. चंद्रपूर-गडचिरोलीतून दरवर्षी जातात. कितीतरी जण जंगलातल्या वाटांनी पायी आले. सरकारकडं त्यांची यादीच नव्हती, कोण कोणत्या गावाला गेला ते. यादी होती मुकादमाकडं आणि बायकांच्या बचत गटाला थोडी माहिती. लोकप्रशासनात याला काय म्हणतात ते सर सांगतील, आम्ही म्हणतो की सरकारले माणूस मोजता येत नाही.

धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे, सगळ्यांना माहीत, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. २००९ ला सामूहिक वनहक्क मिळाला. तिथं निर्णयाच्या आधी अभ्यासगट बसतो, बाहेरचा माणूस बोलावतात, त्याला प्रश्न विचारतात, आणि सगळ्यांची सहमती होईपर्यंत ठराव होत नाही. परीक्षा नाही, मार्क नाही. तुमच्या पोरांना एकदा तिथं नुसतं बसवा. ट्रिप म्हणून नका आणू, फोटो काढून जातात लोक.

आशाची_लेक:
मी अमरावतीला बीए सेकंड इयरला आहे, गाव धारणी तालुक्यात. आई आशा आहे. सरांचा पहिला प्रतिसाद वाचून थोडं वाईट वाटलं, कारण मी पण तीच आठ वैशिष्ट्यं लिहिते. सर, आम्ही आमच्या गावचं लिहिलं तर मार्क कापतात. एका पेपरला मी आईचं उदाहरण दिलं तर बाजूला लिहून आलं 'अनावश्यक'. मग कोण लिहील?

२०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं तेव्हा आई ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर घेऊन दारोदार. लसीच्या वेळी तर लोक दारच लावून घ्यायचे, सुई घेतली की माणूस मरते असं पसरलेलं. आईनं कोरकूत समजावलं, मग गावच्या भूमकाला, म्हणजे आमच्याकडच्या पारंपरिक वैद्याला, सोबत घेतलं, आधी त्यानं टोचून घेतली, मग चार घरं उघडली. मराठीतली पत्रकं तशीच पडून होती. आमच्या पुस्तकात 'संप्रेषण' म्हणून धडा आहे, त्यात ऊर्ध्वगामी अधोगामी अशा बाणांच्या आकृत्या आहेत. भूमका त्या आकृतीत कुठं बसतो?

आणि लसीच्या नोंदणीचं ते कोविन. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वाल्यांना मोबाइलवरूनच स्लॉट, तर आमच्या पीएचसीत शहरातले गाडी करून येऊन टोचून जायचे आणि गावातला पोरगा ओटीपीची वाट बघत. पुढं सुप्रीम कोर्टानंच विचारलं की ज्याच्याकडं मोबाइल-नेट नाही त्यानं काय करायचं, मग २१ जूनपासून सगळ्याच केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करता येऊ लागली. आमच्या पेपरात ई-गव्हर्नन्सचे फायदे विचारतात. फायदेच. तोटे पाच मार्काला पण नाही.

आणखी एक विचारायचं आहे सर. आई सरकारी कर्मचारी आहे की नाही? जून २०२१ मध्ये राज्यातल्या जवळपास ७० हजार आशा संपावर गेल्या तेव्हा पण हेच चाललं होतं. पगार नाही मानधन, नोकरी नाही स्वयंसेविका, पण आदेश मोडला तर नोटीस. वेबरच्या नोकरशाहीत अशी जागा आहे का?

ग्रामसेवक_रजेवर:
@आशाची_लेक पोरी, तुझ्या आईला नमस्कार सांग. आशाताईचं रजिस्टर नसतं तर आमच्या गावात कोण बीपीवालं कोण शुगरवालं हे मला कधीच कळलं नसतं. सरकारी यादीपेक्षा ते रजिस्टर खरं.

निवृत्त_पण_निवांत_नाही:
'अनावश्यक' लिहिणाऱ्या परीक्षकाची बाजू मी मघाशी घेतली, ती आता तितकी घेववत नाही.

तर मग मार्ग काय? माझ्या मते लेखी पेपरशी भांडू नका, ती भिंत आहे. नवीन शैक्षणिक धोरणात राज्यानं पदवीला फिल्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) अशी क्रेडिट दिलेली आहेत. आज त्यात काय चालतं? वृक्षारोपण, स्वच्छता रॅली, फाइल स्पायरल करून जमा. ती क्रेडिट मोकळी पडलीत, विद्यापीठ तिथं विषय ठरवून देत नाही, कॉलेज ठरवतं. अभ्यास मंडळाची परवानगी लागत नाही. तुमचं सगळं तिथं बसवा. मूल्यांकन तुमच्याच हातात.

आणि फक्त कोरोनाला चिकटू नका. चार वर्षांनी जी पोरं येतील त्यांना कोरोना धूसर आठवेल, त्यांच्यासाठी तो इतिहास. २०२२ चा गुरांचा लम्पी रोग घ्या. गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद, लस कोण देणार, मेलेल्या बैलाची भरपाई कोण देणार. त्याला लागणारा कायदा वेगळा, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा. तोच प्रश्न, वेगळं खातं. किंवा आपल्या यवतमाळची २०१७ ची फवारणीतली विषबाधा घ्या, कृषी, आरोग्य, महसूल तिघं एकमेकांकडं बघत होते. साथ हे निमित्त, शिकवायचं हे की गोष्ट अंगावर आल्यावर कोणतं खातं हलतं, कोणाच्या सहीनं, कोणाच्या पैशानं.

पऱ्हाटी:
लम्पीत माहा एक बैल गेला. फारम भरला, फोटो लावला, डाक्टरचा दाखला लावला. पैसे आले पन थे कोन्या खात्यातून आले हे पासबुकावर बी समजत नाई. पोरायले सांगा शोधाले 😀

पेठेतला_वऱ्हाडी:
भाऊ, तेवढं शोधून काढणारा पोरगा मुलाखतीत बोर्डाला गप्प करेल. हे लिहून ठेवा सर.

सीएचबीवाला:
निवृत्त सरांचं ऐकून एक कच्चा आराखडा केला, दोन क्रेडिटचं फिल्ड प्रोजेक्ट. फोडून काढा.

प्रत्येक पोरानं स्वतःच्या गावातला एक सरकारी कागद आणायचा, साथीच्या काळातला किंवा लम्पीचा, आदेश, ठराव, नोटीस, पावती, काहीही. त्या एका कागदाचा सेमिस्टरभर पाठलाग. सही कुणाची, ती करायचा अधिकार कुठल्या कलमानं, अंमल कुणी करायचा होता आणि खरोखर कुणी केला, पैसा कुठून आला, आणि ज्याला तो आदेश अन्यायाचा वाटला त्यानं कुठं जायचं होतं. ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर दिसतो, तो कागदाशी जुळतो का बघायचं. मग त्या गावच्या तीन माणसांशी बोलायचं, त्यातली एक आशा किंवा अंगणवाडीताई पाहिजेच, हे मी आज वाढवलं. शेवटी वर्गात दहा मिनिटं उभं राहून सांगायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. फाइल चार पानांच्या वर घेणार नाही, स्पायरल बाइंडिंगला मार्क शून्य.

आणि इंटर्नलला एक प्रश्न असा ठेवतोय: 'तुमच्या गावात पाच रुग्ण सापडले. सरपंचानं ग्रामपंचायतीच्या ठरावानं गावाची हद्द बंद केली, बाहेरून येणाऱ्या दूधवाल्याला अडवलं. दूधवाला तुमच्याकडं आला आहे. त्याला काय सांगाल?' वही-पुस्तक उघडं ठेवून. बघू काय लिहितात.

कोर्टाच्या_पायरीवर:
प्रश्न झकास. एकच वाढवा, सरपंचाच्या बाजूनंही लिहायला लावा, कारण त्यानं बंद केलं ते भीतीनं केलं, आणि वरचा आदेश यायला चार दिवस लागत होते. एकच बाजू लिहिली तर पोरं न्यायाधीश होतील, प्रशासन शिकणार नाहीत.
आणि कागद आणताना खबरदारी. विलगीकरणाच्या याद्यांवर लोकांची नावं, मोबाइल नंबर, आजार लिहिलेले असतात. तेव्हा त्या याद्या व्हॉट्सॅपवर फिरल्या आणि काहींचं गावात राहणं मुश्कील झालं. नाव खोडूनच झेरॉक्स घ्या. हे नीट समजावलं तर तो पण एक धडाच, खासगीपणाचा.

कोरचीकर:
सर, चार पानांत मराठीच पाहिजे का? आमच्याकडची पोरं माडिया-गोंडीत जास्त खरं सांगतात.

सीएचबीवाला:
लेखी मराठीत घ्यावं लागेल, मला दुसरं तपासता येत नाही. पण दहा मिनिटांचं बोलणं ज्या भाषेत जमेल त्या भाषेत, एखाद्या मित्रानं मराठीत सांगायचं. कोरकूवाल्या, बंजारा बोलणाऱ्या पोरांनाही हेच. चालेल का?

कोरचीकर:
पळेल.

आशाची_लेक:
सर तुमचं कॉलेज आमच्या विद्यापीठातच येतं. आमच्या मॅडमना हा धागा दाखवू का? त्या पण तासिकेवरच आहेत.

सीएचबीवाला:
दाखव की. आणि मॅडमना म्हणावं दोन कॉलेजांनी मिळून करू, तुमच्या पोरांचे कागद आमची पोरं वाचतील, आमचे तुमची. बाहेरच्या परीक्षकाची अडचण पण थोडी सुटते.

@ग्रामसेवक भाऊ, सोमवारपासून पोरं कागद शोधायला निघतील. तुमच्याकडं पाठवली तर जुनी फाइल दाखवाल का? की माहिती अधिकाराचा अर्ज घेऊनच यायचं?

ग्रामसेवक_रजेवर:
अर्ज कशाला, पाठवा. मार्च एंडला नको आणि शुक्रवारी नको, शुक्रवारी पंचायत समितीत मीटिंग असते. २०२०-२१ ची फाइल कपाटाच्या खालच्या खणात आहे, वाळवी लागायच्या आत कुणी वाचली तर बरंच. झेरॉक्स मशीन ऑफिसात आहे, टोनर संपलंय, तेवढं पोरांच्या हाती पाठवा.